बिस्किटाच्या जागी दाणे: मधुमेहात सुकामेवा किती, कधी आणि कशाऐवजी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. बाबा ६१ वर्षांचे, आठ वर्षांपासून टाइप २ मधुमेह, शुगरच्या गोळ्या म्हणजे दोन वेळा मेटफॉर्मिन आणि सकाळी ग्लिमेपिराइड. एचबीए१सी, म्हणजे गेल्या तीनेक महिन्यांच्या सरासरी शुगरचं माप, ७.९. डॉक्टरांनी बिस्किटं आणि फरसाण बंद करायला सांगितलं, म्हणून दोन महिन्यांपूर्वी घरात सुकामेव्याचा डबा आला: काजू, बदाम, अक्रोड, बेदाणे, खजूर, आणि कुणीतरी सांगितलं म्हणून मखाणे. बाबा संध्याकाळच्या चहाबरोबर त्यातून मूठभर खातात, कधी दोन मुठी. रात्रीच्या जेवणाआधीची शुगर मात्र पूर्वीसारखीच १७०-१८० येते आणि वजन दीड किलोने वाढलंय. शेंगदाणे ‘पित्त करतात, तेलकट असतात’ म्हणून घरात बंद आहेत. तुम्ही विचारलंय, सुकामेवा शुगरला चांगला म्हणतात ते खोटं आहे का, काजू चालतो का, दाणे खाल्ले तर काय होईल, आणि हे कधी खावं.

दाणे चालतील. काजूही चालेल. ऐकलंत ते खोटं नाही, पण अर्धंच तुमच्यापर्यंत पोचलंय. राहिलेलं अर्धं असं की बदाम, दाणे, काजू यांतलं काहीही शुगर ‘कमी’ करत नाही. ते शुगर वाढवत नाहीत इतकंच. त्यामुळे फायदा होतो तो शुगर वाढवणाऱ्या पदार्थाच्या जागी ते आले तर. आधी जे चाललं होतं त्यात भर म्हणून आले, तर पोटात फक्त उष्मांक वाढतात. गेली बावीस वर्षं मी सांगली-मिरज भागात मधुमेहाच्या रुग्णांचा आहार बघते, आणि सुकामेव्याच्या बाबतीत दहातल्या आठ घरांत घोळ होतो तो नेमका इथेच.

आधी तुमचा डबा उघडू, कारण उत्तर त्यातच आहे.

आपल्याकडे ‘सुकामेवा’ या एका शब्दाखाली दोन अगदी वेगळ्या जाती नांदतात. बदाम, अक्रोड, काजू, पिस्ते या कवचातल्या बिया. त्यांत निम्म्याहून जास्त ऊर्जा चरबीची, सोबत प्रथिनं आणि चोथा (फायबर), पिष्ट आणि साखर कमी. बेदाणे, खजूर, अंजीर, जर्दाळू ही वाळवलेली फळं. पाणी उडून गेलेलं, साखर सगळी जागेवर. आमच्या तासगावचे बेदाणे जगात भारी असतात, मी स्वतः लहानपणापासून खात आले आहे, पण १०० ग्रॅम बेदाण्यांत सुमारे ७९ ग्रॅम कर्बोदकं असतात आणि त्यातली बहुतेक सरळ साखर. म्हणजे लहान वाटीभर, ३० ग्रॅम बेदाणे म्हणजे जवळजवळ २४ ग्रॅम कर्बोदकं. आता याच्याशेजारी बाबांची जुनी मारी बिस्किटं ठेवा. सहा मारी बिस्किटं म्हणजे साधारण २५ ग्रॅम कर्बोदकं. बाबांनी बिस्किटं सोडली आणि तेवढीच साखर बेदाणे-खजुरातून परत आणली. वर काजू-बदामांचे उष्मांक वेगळे. शुगर जागची हलली नाही आणि वजन वाढलं, यात बाबांची काही चूक नाही. डब्यात दोन जाती एकत्र आल्या हा घोटाळा.

मखाण्याबद्दलही बोलायला हवं, कारण आजकाल दर दुसरा माणूस ते ‘शुगर-फ्री’ समजून आणतो. मखाणा हा सुकामेव्याच्या दुकानात मिळतो, पण आतून तो बदामाचा भाऊ नाही. ते पाण्यात वाढणाऱ्या वनस्पतीचं बी आहे, लाहीसारखं फुलवलेलं, आणि त्यात शंभरातले ७५ हून जास्त ग्रॅम पिष्टच असतं. चरबी नगण्य. वजनाला हलका असल्यामुळे एक वाटी मखाणे जेमतेम दहा-बारा ग्रॅम भरतात आणि तेवढ्याने काही बिघडत नाही. पण टीव्हीसमोर तुपात परतलेल्या मखाण्यांचं मोठं भांडं संपवलं, तर ते चुरमुऱ्याचं भांडं संपवल्यासारखंच आहे.

आता शेंगदाणा. वनस्पतिशास्त्राने तो डाळींच्या कुळातला, हरभऱ्याचा नातेवाईक, पण आतली रचना बदामाच्या जवळची. ३० ग्रॅम भाजलेल्या दाण्यांत सुमारे १७० उष्मांक, साडेसात ग्रॅम प्रथिनं आणि फक्त ५ ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं, त्यातलीही निम्मी चोथ्याच्या रूपात. टोरंटो विद्यापीठाच्या डॉ. डेव्हिड जेन्किन्स यांनी १९८१ मध्ये ‘ग्लायसेमिक इंडेक्स’ ही कल्पना मांडली, म्हणजे ग्लुकोजला १०० धरून बाकी पदार्थ रक्तातली साखर किती चढवतात याचा निर्देशांक. त्या मापावर पांढरा भात आणि पाव ७०च्या घरात जातात, शेंगदाणा १५च्या आसपास राहतो. बदामाची किंमत दाण्याच्या कितीतरी पट आहे, पण रक्तातल्या साखरेला ती किंमत कळत नाही. पेन्शनवर घर चालवणाऱ्या माणसाने केवळ ‘बदामच खावा’ म्हणून महिन्याला हजार रुपये जास्त खर्च करावेत, असं मला कधीच वाटलं नाही आणि मी कुणाला सांगतही नाही. दोन्हींत थोडे फरक जरूर आहेत: बदामात चोथा आणि ई जीवनसत्त्व जास्त, अक्रोडात वनस्पतीतून मिळणारं ओमेगा-३ भरपूर. म्हणून परवडत असेल तर आठवड्यात आलटून पालटून खावेत. परवडत नसेल तर दाण्यांवर निर्धास्त राहा.

पोटात काय घडतं ते समजून घेतलंत, तर पुढचं सगळं आपोआप जुळेल. बिस्किटातला मैदा आणि साखर दळून, भाजून आधीच इतकी सोपी झालेली असतात की पोटात ती थांबतच नाहीत. तासाभरात ग्लुकोज रक्तात, शुगर वर, आणि दोन तासांनी पुन्हा भूक. दाणा तोंडात चावावा लागतो, त्यातली चरबी जठर रिकामं होण्याचा वेग मंदावते, प्रथिनांनी पोट भरल्याची जाणीव टिकते. शिवाय कर्बोदकं मुळातच थोडी. म्हणून शुगरची रेषा डोंगरासारखी न चढता टेकाडासारखी राहते. सोबत थोडं फळ किंवा थोडे पोहे असतील, तर त्यांचीही चढण या चरबी-प्रथिनांमुळे जरा सौम्य होते. पण मर्यादा लक्षात ठेवा: पाच खजूर खाऊन वर चार बदाम खाल्ले, म्हणजे खजुरातली साखर कुठे नाहीशी होत नाही. ती थोडी उशिरा येते, पण येते.

जेन्किन्स यांच्याच गटाचा २०११ सालचा एक अभ्यास मला फार उपयोगी वाटतो, कारण त्याने ही ‘जागी की भर’ची गोष्टच तपासली. टाइप २ मधुमेहाच्या ११७ रुग्णांना तीन महिने गटागटांत वाटलं. एका गटाला रोज साधारण ७५ ग्रॅम मिश्र काजू-बदाम-दाणे, दुसऱ्याला तेवढ्याच उष्मांकांचे गव्हाचे मफिन, तिसऱ्याला दोन्ही अर्धे अर्धे. पहिल्या गटाचं एचबीए१सी सरासरी ०.२१ ने उतरलं. आकडा लहान आहे. तो गोळीची जागा घेणारा नाही, आणि कुणी तसं सांगत असेल तर ऐकू नका. पण औषध तेच ठेवून, नुसती खाण्यातली एक वस्तू बदलून एवढं मिळालं, आणि ते मिळालं कारण पिठाची वस्तू काढून तिच्या जागी बिया आल्या.

काजूबद्दलची भीती मला घराघरांत दिसते. ‘काजूत कोलेस्टेरॉल असतं’ हे वाक्य तर मी आठवड्यातून दोनदा ऐकते. कोलेस्टेरॉल प्राणिजन्य पदार्थांतच असतं: दूध, तूप, अंडी, मांस. कोणत्याही झाडाच्या बीत ते नसतं, काजूतही नाही. काजू बदामापेक्षा थोडा जास्त पिष्टमय आहे हे खरं. ३० ग्रॅम काजूत ९ ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं भरतात, चोथाही कमी. तरीही बिस्किटापुढे ते काहीच नाही. चेन्नईच्या मद्रास डायबिटीस रिसर्च फाउंडेशनने टाइप २ मधुमेहाच्या ३०० भारतीय रुग्णांवर हे करून पाहिलं. निम्म्यांना बारा आठवडे रोज ३० ग्रॅम बिनमिठाचे काजू दिले. २०१८ मध्ये निष्कर्ष छापून आले: वजन वाढलं नाही, शुगर बिघडली नाही, वरचा रक्तदाब थोडा कमी झाला आणि ‘चांगलं कोलेस्टेरॉल’ म्हणतात ते एचडीएल थोडं वाढलं. आपल्यासारखंच भात-पोळी खाणारी माणसं होती ती, म्हणून मला हा अभ्यास परदेशातल्या दहा अभ्यासांपेक्षा जवळचा वाटतो. तेव्हा वेंगुर्ल्याहून कुणी काजू आणले तर बाबांना बिनधास्त द्या, मोजून. मसाला लावून तळलेले, खारवलेले तेवढे टाळा.

मोजून म्हणजे किती, यावर जरा थांबू.

माझ्या टेबलावर एक छोटा वजनकाटा, दाण्यांची बरणी आणि स्टीलची एक लहान वाटी कायम असते. काही दिवसांपूर्वी एक निवृत्त शिक्षक आले होते. उंच, रुंद पंजा. “मॅडम, मी मूठभरच खातो, त्यापेक्षा एक दाणा जास्त नाही,” असं अगदी मनापासून म्हणाले. मी बरणी पुढे केली आणि म्हटलं, सर, रोज घेता तशी मूठ घ्या. त्यांनी घेतली, वाटीत सोडली, मी वाटी काट्यावर ठेवली. वाटीचं वजन वजा जाता ६२ ग्रॅम. ते काट्याकडे बघतच राहिले. मग त्यातून मी निम्मे काढून बाजूला ठेवले, तेव्हा वाटीचा तळ जेमतेम झाकलेला दिसत होता. “एवढेच?” एवढेच. ३० ग्रॅम. ६२ ग्रॅम दाणे म्हणजे साडेतीनशे उष्मांक, दोन-तीन पोळ्यांइतके, आणि ते चहाबरोबर, जेवण धरायच्या आधी. त्यांच्या बायको त्यांच्याबरोबर आल्या होत्या. त्यांचीही मूठ मोजली, ती ३४ भरली. म्हणून मी ‘मूठभर’ हा शब्द कागदावर लिहित नाही. मूठ प्रत्येकाची वेगळी.

तुम्ही एवढंच करा. घरात वजनकाटा नसेल तर वाण्याकडून किंवा सोनाराकडून एकदा ३० ग्रॅम दाणे मोजून आणा, घरातल्या एका लहान वाटीत ओता आणि कुठपर्यंत येतात ते बघून ठेवा. तीच बाबांची वाटी. मोजून खायचं असेल तर ३० ग्रॅम म्हणजे २३-२४ बदाम किंवा १८-१९ काजू. अक्रोड पाच-सहा अख्खे म्हणजे ही मर्यादा जवळजवळ आली. आणि हे ‘किंवा’ आहे. बदाम तेवीस, अधिक काजू अठरा, असं नव्हे! मिसळून खायचे तर एकूण ३० ग्रॅम. वजन कमी करायचं असेल, जसं आता बाबांना करायचंय, तर मी २० ग्रॅमवर सुरुवात करते आणि उरलेली भूक फुटाण्यांवर ढकलते.

फुटाणे हा आपल्याकडचा फार गुणी पदार्थ आहे आणि त्याला कुणी फारसं विचारत नाही. सालासकट भाजलेले हरभरे. दाण्यापेक्षा त्यात पिष्ट जास्त, पण ते सावकाश पचणारं, आणि चरबी कितीतरी कमी. अर्धी वाटी फुटाणे आणि एक-दोन चमचे दाणे असे चणे-दाणे घेतले की चावायला भरपूर होतं, पोट भरतं आणि उष्मांक दीडशेच्या आसपास राहतात. पंढरपुरी डाळं वेगळं. त्याची साल गेलेली असते, म्हणजे चोथ्याचा मोठा भाग गेला. घ्यायचेच तर सालीचे फुटाणे घ्या.

अख्खा दाणा आणि दळलेला दाणा यांत फरक पडतो, ही गोष्ट अनेकांना माहीत नसते. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या संशोधकांनी २०१२ मध्ये दाखवलं की २८ ग्रॅम अख्ख्या बदामांचे कागदावर १७० च्या आसपास उष्मांक होतात, पण माणसाच्या शरीराला त्यातले १२९च मिळतात. चावूनही बदामाच्या पेशींच्या भिंती पूर्ण फुटत नाहीत आणि आतली काही चरबी तशीच बाहेर पडते. वाटलं, दळलं, लोणी केलं की भिंती फुटतात आणि सगळं अंगी लागतं. त्यामुळे वजनाची काळजी असलेल्याने अख्खे दाणे सावकाश चावून खावेत. पीनट बटर घेत असाल तर बरणीच्या मागचा मजकूर वाचा. दाण्यांच्या पुढे साखर आणि पामतेल लिहिलेलं असेल तर ती बरणी दुकानातच राहू द्या. दात नसलेल्या, कवळी लावणाऱ्या माणसांना मात्र कूटच बरं. माझ्याकडे येणाऱ्या एक आजी दोन चमचे दाण्याचं कूट घट्ट दह्यात कालवून, वर जिरेपूड घालून संध्याकाळी खातात. त्यांची शुगर सरळ चालते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. कृपया हे घरातल्या प्रत्येकाला वाचून दाखवा.

बाबा ग्लिमेपिराइड घेतात. ही गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, जेवण झालेलं असो वा नसो. एखाद्या दिवशी जेवण लांबलं, चालणं जास्त झालं, तर शुगर ७० च्या खाली जाऊ शकते. घाम, थरथर, धडधड, डोकं बधिर, चिडचिड. अशा वेळी दाणे, बदाम, काजू देऊ नका. पोट सावकाश रिकामं करण्याचा जो गुण आपण एरवी वापरतो, तोच इथे घात करतो. एका शेतकरी काकांना शेतात असंच झालं होतं. खिशात दाणे होते, ते त्यांनी मूठभर खाल्ले आणि बरं वाटायची वाट बघत बांधावर बसले. बरं वाटेना म्हणून आणखी खाल्ले. मुलगा योगायोगाने गाडीवरून आला, त्याने जवळच्या टपरीवरून साखरपाणी आणून पाजलं तेव्हा त्यांना भान आलं. त्या दिवशी मुलगा आला नसता तर, हा विचार मला अजून अस्वस्थ करतो. तेव्हा शुगर उतरली तर तीन चहाचे चमचे ग्लुकोज पावडर किंवा साखर पाण्यात विरघळवून द्या, पंधरा मिनिटं थांबा, पुन्हा तपासा, अजून ७० च्या खाली असेल तर पुन्हा तेवढंच द्या. शुगर वर आली आणि जेवणाला वेळ असेल, की मग पोळीबरोबर दाण्याची चटणी द्या, म्हणजे ती पुन्हा घसरणार नाही. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, थेट दवाखाना गाठा. आणि गोळीच्या पाकिटावर व्होग्लिबोज किंवा अकार्बोज हे नावही असेल (आपल्याकडे तीन औषधं एकत्र असलेल्या गोळ्या सर्रास दिल्या जातात), तर साध्या साखरेचं पचन त्या औषधाने लांबतं, अशांना ग्लुकोज पावडरच लागते. बाबांच्या शर्टाच्या खिशात ग्लुकोजची पुडी असू द्या आणि ती दाण्यांच्या पुडीपासून वेगळी ठेवा.

कधी खावं, हेही विचारलंत. तुम्ही लिहिलंय की दुपारचं जेवण एक वाजता आणि रात्रीचं साडेनऊला. साडेआठ तासांचं अंतर. मधे पाच-साडेपाचला काहीतरी लागणारच, आणि दाण्यांची खरी जागा तीच. त्या वेळी ३० ग्रॅम खाल्ले की साडेनऊला माणूस भातावर तुटून पडत नाही. जेवणाआधी अर्धा तास २० ग्रॅम बदाम खाण्याचा प्रयोग दिल्लीच्या डॉ. अनुप मिश्रा यांच्या गटाने मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या ६० भारतीयांवर केला. तीन मुख्य जेवणांआधी, तीन महिने. जवळजवळ चौथा हिस्सा लोकांची शुगर पुन्हा सामान्य पातळीवर आली. या कामाला कॅलिफोर्नियाच्या बदाम उत्पादकांच्या मंडळाचा पैसा होता, हे वाचताना लक्षात ठेवलेलं बरं. शिवाय तिन्ही वेळचे मिळून रोज ६० ग्रॅम बदाम होतात, म्हणजे साडेतीनशेच्या आसपास उष्मांक, तेवढे जेवणातून कमी करावे लागतात. बाबांसाठी मी संध्याकाळची एकच वेळ ठेवेन. झोपताना मूठभर दाणे खाल्ले की सकाळची उपाशीपोटीची शुगर उतरते असं काही जण सांगतात. सकाळची शुगर बरीचशी रात्रभर यकृत किती साखर सोडतं यावर चालते. त्यासाठी रात्री जास्तीचं खाऊ नका.

चहातली साखर हा वेगळा विषय, पण दाणे बरोबर आणि चहात दोन चमचे साखर, असं असेल तर आधी चहा सुधारा.

उपवासाचं बोलल्याशिवाय मराठी घरातल्या दाण्यांचं बोलणं पुरं होत नाही. चतुर्थी, एकादशी, श्रावणातले सोमवार. साबुदाण्याच्या खिचडीत दाण्याचं कूट भरपूर असतं, म्हणून अनेकांना वाटतं की ती चालेल. साबुदाणा म्हणजे जवळजवळ शुद्ध पिष्ट, शंभरातले ८५ हून जास्त ग्रॅम. एका डिशला ६० ग्रॅम कोरडा साबुदाणा धरला तर पन्नासेक ग्रॅम कर्बोदकं झाली, त्यात बटाटा, आणि कूट त्यांची चढण थोडीशी मंद करतं इतकंच. मी माझ्या रुग्णांना उलटं करायला सांगते: दाणे मुख्य, बाकी सगळं थोडं. रात्री भिजवलेले दाणे कुकरला शिजवून, तुपात जिरं-मिरचीची फोडणी देऊन केलेली दाण्याची उसळ, वर लिंबू आणि घरात चालत असेल तर कोथिंबीर, आणि बरोबर वाटीभर ताक. नाहीतर थोडी वरई आणि भरपूर दाण्याची आमटी. उपवासाचा धर्मही सांभाळला जातो. फक्त दिवसभराचा कडक उपवास असेल तर ग्लिमेपिराइडचं काय करायचं ते आदल्या दिवशी डॉक्टरांना विचारा, आपल्या मनाने गोळी घेऊही नका आणि सोडूही नका.

चिक्की आणि दाण्याचा लाडू यांच्यात गूळ आहे म्हणून सूट मिळत नाही. गुळात बहुतांश साखरच असते आणि रक्तात तो साखरेसारखाच वागतो. संक्रांतीला तिळगुळाची एक वडी जेवणानंतर घ्यावी, डबा जवळ घेऊन बसू नये. बाजारातल्या मसाला शेंगदाण्यांवर पिठाचं जाड आवरण असतं आणि ते तळलेले असतात. ‘डाएट चिवडा’ पाकिटातून ताटलीत ओतून बघा, त्यात पोहे किती आणि दाणे किती ते डोळ्यांनीच दिसेल. खारे दाणे रक्तदाब असलेल्याने टाळावेत. आश्विनात ओल्या शेंगा येतात तेव्हा त्या उकडताना मीठ निम्मं घाला. सोलत सोलत खायला वेळ लागतो, त्यामुळे आपोआप कमी खाल्लं जातं, म्हणून उकडलेल्या शेंगा मला फार आवडतात.

दाणे पित्त करतात या समजाबद्दल: काहींना भाजलेले दाणे जास्त खाल्ले की खरंच जळजळ होते. रिकाम्या पोटी, घाईघाईने, साठ ग्रॅम खाल्ले तर होईलच. तीस ग्रॅम, उकडून किंवा भिजवून, नीट चावून खाऊन बघा. तरीही त्रास झाला तर दाणे सोडा आणि बदाम किंवा फुटाणे घ्या, हट्ट नको. दाणे निवडताना मात्र कसूर करू नका. सुरकुतलेला, काळपट, बुरशी धरलेला, चवीला कडू लागणारा दाणा फेकूनच द्या. त्या बुरशीतून तयार होणारं अफ्लाटॉक्सिन यकृताला घातक असतं आणि भाजल्याने ते पूर्ण नष्ट होत नाही. पावसाळ्यात दाणे किलोकिलोने न आणता थोडे आणा, घट्ट झाकणाच्या डब्यात फ्रिजमध्ये ठेवा. बदाम भिजवायचे तर भिजवा, चावायला सोपे जातात. साल काढायची गरज नाही, सालीतही चोथा असतो.

बाबांचं क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) वाढलेलं असेल, तर मी वर लिहिलेलं सगळं बाजूला ठेवा आणि आधी किडनीच्या डॉक्टरांना विचारा, कारण या सगळ्या बियांत पोटॅशियम आणि फॉस्फरस बऱ्यापैकी असतात. मुतखडा वारंवार होत असेल तरी बदाम-काजू-दाणे यांच्या प्रमाणाबद्दल विचारून घ्या. दाण्यांची ॲलर्जी असलेल्यांना तर हे लागूच नाही.

शेवटी, माझ्यावर विश्वास ठेवण्यापेक्षा बाबांच्या बोटावरच्या थेंबावर ठेवा. तुमच्याकडे ग्लुकोमीटर आहे. तीन दिवस संध्याकाळी बाबांचं आत्ताचंच खाणं चालू द्या, डब्यातला नेहमीचा मेवा. खाण्याआधी एकदा आणि दोन तासांनी एकदा शुगर बघा, वहीत लिहा. पुढचे तीन दिवस त्याच वेळी, तोच बिनसाखरेचा चहा, बरोबर २० ग्रॅम दाणे आणि अर्धी वाटी फुटाणे. बेदाणे, खजूर डब्यातून काढून घरातल्या लहान मुलांना द्या. पुन्हा आधी आणि दोन तासांनी. दोन्ही रकान्यांतला फरक शेजारी शेजारी मांडा. दोन तासांनी शुगर आधीपेक्षा ४० हून जास्त चढत नसेल, तर ते खाणं बाबांना मानवलं असं मी धरते. रात्री साडेनऊचं जेवण आठ-साडेआठवर आणता आलं तर आणा, पण या सहा दिवसांत नको, नाहीतर कशामुळे काय झालं ते कळणार नाही. आकडे जमले की इथेच लिहा, आणि सोबत दुपारच्या जेवणात भात किती असतो तेही वाटीने मोजून लिहा. खाण्याआधीच पाच वाजता शुगर २००च्या पुढे येत असेल तर दोष संध्याकाळच्या डब्याचा नाही, दुपारच्या ताटाचा आहे, आणि मग आपल्याला तिथून सुरुवात करावी लागेल.